डावीकडचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या उजव्या पायाला त्याच्या डोक्यापेक्षा जास्त अक्कल असते, असं मास्तर स्वतःच सांगायचे आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटायचा नाही. त्यांच्या शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा डावीकडे मास्तरांच्या पायाशी. शिकाऊ माणूस विजेच्या खांबाकडे निघाला की त्या खांबाला कळायच्या आत मास्तरांचा पाय दाबलेला असायचा. गाडीवर एक ओरखडा म्हणून नव्हता. पायाला मात्र खोड लागली ती लागलीच. तो आता घरीही दाबला जायचा. जेवताना, दात घासताना, आणि सासरेबुवा बोलायला लागले की हमखास.

अशा या मास्तरांना त्यांच्या लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं. लेक दुसरीत. घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. वर्गाच्या बाईंनी फक्त ‘वाचनाबद्दल बोलायचंय’ एवढंच कळवलं होतं, पण तेवढ्यानेच मास्तरांची छाती फुगली. रोज संध्याकाळी न चुकता ते तिचं वाचन घेत. असे बाप किती असतात? त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि बाई कौतुक करायला लागल्या की मान किती खाली घालायची याची आरशासमोर तालीमही केली.

बाईंनी कौतुक केलं नाही.

“भिंगरी वर्गात वाचत नाही,” त्या म्हणाल्या.

“काहीतरीच काय! घरी धडाधड वाचते.”

“इथे पहिला शब्द वाचते, मग डावीकडे खाली बघते. डावीकडे भिंत आहे. भिंत काही बोलत नाही, मग हीही बोलत नाही.”

मास्तरांनी लगेच निदान केलं. “डोळे असतील. माझी बायको चष्म्याच्या दुकानातच असते, आजच तपासून घेतो.”

“त्या काल येऊन गेल्या. डोळे उत्तम आहेत म्हणाल्या. आता बापाला तपासा, असंही म्हणाल्या.”

बाईंनी भिंगरीला बोलावलं आणि मास्तरांना सांगितलं, “घरी घेता तसंच वाचन घ्या.” मास्तर गुडघे पोटाशी घेऊन दुसरीच्या बाकावर मावले. भिंगरी त्यांच्या उजवीकडे बसली आणि खरोखरच धडाधड वाचायला लागली. मास्तरांनी बाईंकडे ऐटीत पाहिलं, तर बाईंचं लक्ष ना पुस्तकाकडे, ना भिंगरीकडे. त्या बाकाखाली बघत होत्या.

“मास्तर, तुमचा पाय,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खाली पाहिलं. शब्द बरोबर आला की त्यांच्या घशातून ‘हं’ निघत होता. भिंगरी चुकायला लागली, की चूक तिच्या ओठांवर येण्याआधीच त्यांचा पाय फरशीवर दाबला जात होता. लगेच तिची नजर पुस्तकावरून निसटून त्या पायावर जायची आणि ती दुसरं काहीतरी म्हणून बघायची. पाय सैल सुटला की पुढचा शब्द. पोरगी पुस्तक वाचतच नव्हती, बापाचा पाय वाचत होती.

मास्तर रोज ज्या वाक्यावर घसा कोरडा करायचे ते त्यांना आठवलं. “माझ्या पायाकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ! परीक्षेच्या दिवशी हा पाय गाडीत नसणार!” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हा पाषाण आता इस्त्रीचा शर्ट घालून बाकात अडकून बसला होता.

“मला वाचता येतच नाही, बाबा,” भिंगरी समजूत घातल्यासारखी म्हणाली. “तुला येतं.”

बापाला याहून वाईट काही ऐकवता येत नाही. मास्तर काहीतरी बोलायला गेले, आणि नेमका तेव्हाच पाय पुन्हा दाबला गेला.

पालकांसमोर मुलांनी एकेक उतारा वाचायचा कार्यक्रम तोंडावर आला होता, आणि भिंगरीने बाईंना आपलं नाव काढायला सांगितलं होतं. “आत्ता नाव काढलं तर तिचं ते म्हणणं कायमचं पक्कं होईल,” बाई म्हणाल्या. “आणि चूक तुमच्या एकट्याची नाही. ती थांबली की मी लगेच शेजारच्याला ‘तू सांग’ म्हणते. तुम्ही ब्रेक मारता, मी मागून हॉर्न वाजवते. मी हॉर्न बंद करते. तुमच्या पायाचं काय करायचं ते तुम्ही बघा.”

मास्तरांनी बराच विचार करून पाय खुर्चीवरच घ्यायचं ठरवलं.

त्या संध्याकाळपासून भिंगरी वाचायला बसली की मास्तर दोन्ही पाय वर घेऊन, गुडघ्यांना मिठी मारून, ‘हं’ निसटू नये म्हणून दातात टॉवेलचं टोक धरून बसायचे. “दाढ काढून आलायत जणू,” असं म्हणून बायको हसत सुटायची. पहिल्या दिवशी भिंगरी एका शब्दाशी अडली आणि इतका वेळ अडली, की मास्तरांना तो शब्द आपल्या कानातून बाहेर पडेल असं वाटायला लागलं.

“सांग ना,” ती म्हणाली.

मास्तरांनी टॉवेल काढला. “पाय वर आहेत ना? पाय वर असले की मी इथे नाहीच. खाली ठेवले की आलो.”

“मग आता कुठे आहेस?”

“बाजारात.”

तिला ते पटलं. ती त्या शब्दाशी भांडली, हरली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच शब्दाला बुकलून पुढे गेली. तिकडे वर्गात बाईही तोंड मिटून उभ्या राहायला शिकत होत्या, आणि एक दिवस, भिंगरीने सबंध ओळ वाचली, असा त्यांचा निरोप आला. मास्तरांनी तो निरोप शिकणाऱ्या प्रत्येकाला गाडी चालू असताना ऐकवला.

कार्यक्रमाच्या दिवशी मास्तरांनी सर्वांत आधी जाऊन पहिल्या रांगेतली, भिंगरीच्या डाव्या हाताला येणारी खुर्ची पकडली. बाईंनी त्यांना उठवलं आणि शेवटच्या रांगेत, उजव्या टोकाला, बायकोशेजारी बसवलं.

भिंगरीचा उतारा एका नावाड्याचा होता. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. मग ‘वल्ह्यांच्या’ आला आणि गाडी बंद पडली. भिंगरीची मान हळूहळू डावीकडे वळली. तिथे बाई उभ्या होत्या, पाठीमागे स्वतःचंच मनगट घट्ट धरून. तो एक शब्द मास्तरांनी मनातल्या मनात इतक्यांदा म्हटला की त्याचा अर्थच उडून गेला. पायाचा काही भरवसा नव्हता. त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. बुटांसकट. शेजारचे कुणाचे तरी आजोबा थोडे सरकून बसले.

भिंगरीने मान पुस्तकाकडे वळवली. चुकीचं वाचलं. थांबली. मागे आली, पुन्हा वाचलं, आणि या वेळी नीट वाचून पुढे निघाली. नावाडी पैलतीराला लागेपर्यंत तिने परत एकदाही डावीकडे पाहिलं नाही. आपल्यावाचून तिचं अडत नाही याचा मास्तरांना फार आनंद झाला, आणि तेवढंच वाईटही वाटलं. टॉवेल घरी राहिला होता, म्हणून त्यांनी बायकोच्या ओढणीचं टोक दातात धरलं.

भिंगरीने पुस्तक मिटलं. मग सगळ्या डोक्यांवरून शोधत शोधत तिची नजर शेवटच्या रांगेत, उजव्या टोकाला, खुर्चीवर गाठोडं होऊन बसलेल्या माणसावर येऊन थांबली.

“झालं वाचून, बाबा,” ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली. “आता पाय खाली ठेव. ये परत.”