डबीतला चौथा गाणारा

मित्रांनो, खिडकीखालच्या टेबलावर लॅपटॉपला चिकटून बसलेली, कोपऱ्यात रंग उडालेली ही लाल पत्र्याची डबी दिसते ना, ती मी. माणसाचा आवाज माइकमधून माझ्यात येतो आणि मी तो संगणकाला कळेल असा करून एका वायरीतून पुढे पाठवते. त्याच वायरीतून मला वीजही मिळते. म्हणजे माझं जेवण आणि माझं काम एकाच दारातून चालतं. दुकानात माझं नाव ऑडिओ इंटरफेस असं लांबलचक होतं. समुद्राकाठच्या व्लोरा शहरातल्या या घरात मला नुसतं 'डबी' म्हणतात आणि खरं सांगू, मला तेच आवडतं.

कारखान्यातून निघाले ती थेट राजधानीत, तिरानाला, एका जाहिरातवाल्याकडे. काय थाट होता माझा तेव्हा! आल्यागेल्याला तो मला दाखवायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. दिवसभर माझ्यातून सोफासेट, फरशा आणि लग्नाचे हॉल ओरडत जायचे. मग एक दिवस माझ्यापेक्षा जास्त दिवे असलेली पेटी आली आणि मी एका रात्रीत म्हातारी ठरले. दुराताने मला त्याच्याकडून जुन्या भावात घेतलं. दुराता इथल्या औषधांच्या दुकानात काम करते. तिला गाणं शिकायचं होतं म्हणे. हौस महिनाभर टिकली आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. तिथं माझ्या सोबतीला संपलेले सेल होते आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. आपण आहोत हेच कुणाला आठवत नाही, हे दुःख फार वाईट हो. शत्रूवरही येऊ नये.

ड्रॉवर उघडला तो नेव्रूझआजोबांच्या गळ्यामुळे. आजोबा म्हणजे दुराताचे वडील. त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिवाची काळजी करू नका. पण कापल्यानंतर गाता येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही." ऑपरेशनचा दिवस ठरला, मंगळवार.

आता आजोबांचं गाणं म्हणजे काय ते सांगते. त्यांच्या डोंगरातल्या गावात एकट्यानं कुणी गात नाही. एकजण गाणं उचलतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि बाकीचे खालून 'एऽऽ' असा एकच सूर न सोडता धरून ठेवतात. त्या सुराला म्हणतात इसो. आजोबा उचलणारे. उत्तर देणारा झेनेल. आणि इसो धरणारा त्याचा थोरला भाऊ मुचो. या दोघा भावांना मी अहोजाहो करत नाही, कारण ते मला 'भुताची डबी' म्हणतात. आजोबांच्या वडिलांनी गावातल्या अक्रोडाच्या झाडावर एक गाणं रचलं होतं. ते कुठं लिहिलेलं नाही, कुणी कधी रेकॉर्ड केलेलं नाही. ते पूर्ण येतं एकट्या आजोबांना. ते मंगळवारच्या आत माझ्यातून उतरवून घ्यायचं, असं दुराताने ठरवलं.

बिचारीने मन लावून तयारी केली हो. आवाज घुमू नये म्हणून झोपायच्या खोलीत आईच्या रुखवतातल्या गोधड्या भिंतीला टांगल्या. आजोबांना हेडफोन चढवला. त्यांनी पहिली ओळ उचलली आणि गपकन थांबले.

"हा कोण माझी नक्कल करतोय?"

"कुणी नाही बाबा, तुमचाच आवाज आहे."

"माझा आवाज माझ्या मागून कसा येईल? मी काय त्याच्या आधी निघालो होतो घरातून?"

खरं होतं त्यांचं. त्यांचा आवाज माझ्यातून संगणकात, तिथून फिरून परत कानात येत होता. एवढ्या वळशात तो किंचित उशिरा पोचायचा आणि गाणाऱ्याची जीभच अडखळायची. माझ्या अंगावर यासाठीच एक बटण आहे. ते फिरवलं की आवाज संगणकाकडे जातो तो जातोच, पण गाणाऱ्याच्या कानातही माझ्याकडून सरळ पोचतो. दुराताला ते सापडलं तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! किती वर्षांनी त्या बटणाला कुणाचं बोट लागलं होतं.

मग दुसरं दुखणं निघालं. माझ्यातून एक बारीक 'घूंऽऽ' यायला लागली. दुराताने माइकची वायर बदलली, मला लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात खोचून पाहिलं, फ्रिज बंद केला, ट्यूब बंद केली. फ्रिज बंद केल्यावर तिची आई सानियेबाई आत आल्या. "दही नासलं तर तुझी डबी देणार का मला दही?" शेवटी दुराताने हेडफोन काढून लॅपटॉपच्याच स्पीकरवर ऐकलं आणि टाळी वाजवली. "गेली!"

कुठली जाणार? लॅपटॉपचा स्पीकर म्हणजे एवढंसं तोंड, असली हलकी गुणगुण त्याच्यातून ऐकूच येत नाही. घूंऽऽ होती तिथंच होती. पण मला सांगता कुठं येतं?

रविवारी दुपारी, जेवणं होऊन अख्खी इमारत आडवी झाली तेव्हा मंडळी जमली. आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दुराताने आजोबांना झोपायच्या खोलीत बसवलं आणि दोघा भावांना स्वयंपाकघरात, दोन्हीकडे एकेक माइक ठेवून. मधल्या बोळात स्टुलावर लॅपटॉप, त्याच्याशेजारी मी. माझ्या हेडफोनच्या भोकातून दोन फाटे काढले होते. एक आजोबांना. दुसरा भावांना, त्यांनी तो मधोमध धरून एकेक कान वाटून घेतला.

"आयुष्यभर गुडघ्याला गुडघा लावून गायलो," मुचो कुरकुरला, "आणि आता मला भांड्यांसमोर बसवलंय."

"भांडी तरी बेसूर होत नाहीत," झेनेल म्हणाला.

आजोबांनी गाणं उचललं. 'अक्रोडा, तुझ्या सावलीत मी माझी टोपी विसरलो...' झेनेलने उत्तर दिलं, मुचोने इसो धरला. पहिल्या वळणावर सगळं छान चाललं. दुसऱ्या वळणावर सूर वर चढतो, तिथं आजोबांचा आवाज फाटला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच फाटला. पाणी प्याले, मध चाटला, पाठ सरळ करून बसले. परत तेच. गाणं अर्ध्यावरही जाईना.

मग माइकमधून त्यांचा आवाज माझ्यात आला, अगदी हळू. "बंद कर, पोरी. डॉक्टरीणबाईंनी कापायच्या आधीच गेला माझा गळा. उगाच या दोघांना ताटकळत ठेवलंय."

दुराता माझ्याकडे बघत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मित्रांनो, मी पत्र्याची आहे. तरी सांगते, त्या वेळी मला माझी फार लाज वाटली. एका माणसाचा आवाज वाचवायला मला ड्रॉवरमधून काढलं आणि माझ्यात काय साठत होतं, तर नुसतं फाटलेलं गाणं.

"बाबा, एकदाच. माझ्यासाठी," ती शेवटी बंद दारापाशी जाऊन म्हणाली. आजोबांनी "बरं" म्हणून पुन्हा उचललं.

एवढ्यात बोळात सानियेबाई आल्या, हातात विजेची शेगडी घेऊन. स्वयंपाकघरातून त्यांना हाकललं होतं ना! कॉफी करायची तर बोळातच, आणि बोळात प्लगची जागा एकच. "गाणं होईल तेव्हा होईल, पाहुण्यांना कॉफी नको?" असं पुटपुटत त्यांनी लॅपटॉपचा चार्जर सरळ उपटला.

घूंऽऽ बंद.

आणि काय गंमत! त्याच क्षणी स्वयंपाकघरातला इसो कोसळला.

"कोण थांबलं रे?" मुचो ओरडला.

"मी नाही, तू थांबलास!"

"मी कशाला थांबेन? मी तर त्या दुसऱ्याला धरून होतो!"

झोपायच्या खोलीचं दार उघडून आजोबा बाहेर आले, हेडफोन गळ्यात. "माझ्या कानातला माणूस कुठं गेला?"

"कोणता माणूस, बाबा?"

"अगं, तूच बसवला होतास ना डबीत? इसो धरायला. जरा वरच्या पट्टीत होता मेला, पण पक्का होता. हलत नव्हता जागचा. म्हटलं, पोरीनं मुद्दाम लावलाय, तर आपणच जाऊ त्याच्याकडे."

दुरातानं त्यांच्या गळ्यातला हेडफोन ओढून कानाला लावला. "आई, तो चार्जर परत लाव."

"आणि माझी कॉफी?"

"लाव गं!"

घूंऽऽ. "काढ." गप्प. "लाव." घूंऽऽ. दुराता खाली फरशीवरच बसली आणि हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी अजून तसंच होतं. जुन्या इमारतीतली वीज चार्जरमधून लॅपटॉपमध्ये आणि तिथून माझ्या वायरीत घुसत होती. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने म्हटलं असतं, मशीन गुणगुणतंय, बिघडलंय. पण ही तिघं जन्मभर एका न तुटणाऱ्या सुरावर गायलेली. कानाशी तसा सूर आला की ते त्याच्यावर विसंबणारच.

"म्हणजे इतका वेळ आपण वीज कंपनीबरोबर गात होतो?" मुचो म्हणाला. "तरीच! श्वास घ्यायलाही थांबत नव्हता लेकाचा."

"आणि तू त्याच्या मागे गेलास," आजोबा म्हणाले. "इसो उचलणाऱ्याच्या मागे जातो की उचलणारा इसोच्या मागे?"

"मला वाटलं तू गेलास! तू गेलास म्हणून मी गेलो."

"आणि मी तुझ्यामुळे. दोन गाढवं!"

बोलता बोलता आजोबा थांबले. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं आणि दुसरंच काहीतरी आलं. "पोरी," ते म्हणाले, "म्हणजे ती पट्टी माझी नव्हतीच."

नव्हतीच हो! नेहमी आजोबा आपल्या गळ्याला पेलेल तिथून गाणं उचलायचे आणि बाकीचे त्यांच्याकडे यायचे. माझ्यातल्या त्या फुकट्या गुणगुणीनं त्यांना आजारी गळ्यानिशी वर खेचून नेलं होतं.

दुरातानं हेडफोन काढून ठेवले. गोधड्या जमिनीवर अंथरल्या, दोन्ही माइक मधे ठेवले आणि तिघांना त्यांच्या सवयीप्रमाणे गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. चार्जर काढलेलाच ठेवला. तिचा लॅपटॉपही माझ्यासारखाच म्हातारा, चार्जर नसला की कॉफी निवायच्या आत डोळे मिटतो. "एकदाच होईल, बाबा," ती म्हणाली. सानियेबाई दारात उभ्या राहिल्या, शेगडी न लावता.

आजोबांनी डोळे मिटले, मुचोच्या खांद्यावर हात टाकला आणि गाणं उचललं. किती खालून! मला आधी वाटलं ते बोलतायत. झेनेलने उत्तर दिलं. मुचोचा इसो आला, आजोबांच्या पायाशी येऊन बसल्यासारखा. दुसरं वळण आलं. मी अंग आवरून धरलं. आवाज चढला, जरा खरखरला, पण फाटला नाही. अक्रोड, सावली, टोपी, ती टोपी घ्यायला परत न जाऊ शकलेला माणूस, सगळं शेवटपर्यंत आलं. शेवटचा इसो विरला. दुरातानं घाईघाईनं सगळं साठवलं आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ काढून टाकली, आजोबा वाचले. आवाज मात्र गेला. आता ते बोलतात ते कुजबुजल्यासारखं, वरचे सूर तर पुसूनच गेलेत. कितीतरी दिवस त्यांनी ते रेकॉर्डिंग लावू दिलं नाही. दुराताने फार आग्रह केला की ते टेरेसवर जाऊन बसायचे.

आता मी खरंच म्हातारी झालेय. माझं ते बटण सैल झालंय, हेडफोन एका बाजूनं करकरतो. पण मला ड्रॉवरमध्ये कुणी टाकत नाही. तेव्हा मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं काही असेल तर त्याला धुळीत ठेवू नका, त्याच्या वायरीला धरून हिसडे देऊ नका. आणि घरातलं कुणी म्हातारं म्हणालं, की आपल्याला आता जमत नाही, तर त्याला लगेच हो म्हणू नका हो. आधी बघा, त्याच्या कानात भलतंच काही घुमत नाही ना. मशीन दुरुस्त करता येतं. खचलेल्या माणसाला मात्र जवळ बसावं लागतं.

परवाच्या रविवारी मुचो आणि झेनेल आले होते. मुचोने आजोबांना न विचारताच दुराताला सांगितलं, "लाव गं ते. याला टेरेसवर मी नाही जाऊ देत." दुरातानं आधी चार्जर काढला, मग सवयीनं माझा माइक जोडला आणि गाणं लावलं. स्पीकरमधून आजोबांचा जुना आवाज आला. त्यांनी मान खाली घातली. मुचोनं न राहवून इसो धरला, झेनेलनंही धरला.

आणि मग तिसरा 'एऽऽ' आला. खरखरीत, अगदी खालचा, एकाच जागी बसलेला. जन्मभर गाणं उचलणारे नेव्रूझआजोबा स्वतःच्याच आवाजाखाली इसो धरत होते.

"आलास का शेवटी आमच्यात?" मुचो मधेच म्हणाला आणि लगेच सूर पकडला.

माझा माइक चालू होता. आवाज आत आला की पेटणारा माझा हिरवा दिवा गाणं संपेपर्यंत विझला नाही.