पोळ्याला बांधलेली पवनचक्की

मी एक जुनी पवनचक्की आहे. जुनी म्हणजे अंगाने जुनी. चक्की होऊन मला जेमतेम तीन वर्षे झाली. माझा एकही भाग बाजारातून नवा आणलेला नाही आणि एकही भाग शांत बसणाऱ्यातला नाही. तेव्हा मित्रांनो, बोलता बोलता मी तोंड फिरवले तर रागावू नका. वारा फिरला की मला फिरावेच लागते.

माझे काळीज म्हणजे एक मोटर. ती आधी अकोल्याच्या एका व्यायामशाळेत ट्रेडमिलमध्ये होती. माणसे तासभर माझ्या पट्ट्यावर धावायची, घामाघूम व्हायची आणि चढली तिथेच उतरायची! एवढी धाव कुणाच्या तरी कामी यावी, असे मला तेव्हाही वाटायचे. पुढे व्यायामशाळा बंद पडली आणि मी भंगारात जाऊन पडले. वर्षभर नुसते पडून राहणे. ते दिवस आठवले की अजून माझे बेअरिंग कुरकुरते.

तिथून मला वर्षालीने उचलले. बार्शीटाकळीजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या गोवर्धन आणि पार्बताबाईंची ही मुलगी, आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकत होती. त्यांच्या वावरात रोही शिरायचे. रोही म्हणजे नीलगाय. कळपच्या कळप यायचे आणि कोवळी भाजी फस्त करून जायचे. वावराभोवती झटका मशीनची तार होती. तारेला अंग लागले की जनावराला हलका झटका बसतो आणि ते बिचकून पळते, मरत नाही. पण ते मशीन चालायचे सोलरवर. आठ आठ दिवस पावसाची झड लागली की सोलर झोपायचे आणि रोही जेवायचे. सलग दोन वर्षे हेच झाले. आणखी एकदा असे झाले तर वावर ठोक्याने, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून, दुसऱ्याला कसायला देऊन अकोल्याला राहायला जायचे, असे गोवर्धन सांगून बसले होते. पार्बताबाई हूं की चूं करत नसत, पण त्यांचे जेवण तुटले होते. आईचे ते ताट बघूनच वर्षालीने मला बांधायला घेतले.

बोअरचा फुटका पाइप उभा कापून तिने माझी तीन पाती केली. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून शेपूट केले. मोटरसायकलच्या चाकाचे हब मानेत बसवले, म्हणून मला चारी दिशांना वळता येते. ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी जोडली आणि काय सांगू, झाडाचे पानही हलत नव्हते, तरी मी गरागरा फिरायला लागले! पार्बताबाईंनी हात जोडले. वर्षालीने मात्र कपाळावर हात मारला. ती डायोड लावायला विसरली होती. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा चिमुकला दरवाजा. तो नव्हता, म्हणून बॅटरीत वीज भरायची सोडून मीच तिच्यातली वीज खात होते. लाज वाटली हो मला. डायोड बसला आणि मग मी खरी कामाला लागले. झडीतही तार टक् टक् वाजू लागली. रोही धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, माघारी फिरू लागले. गावातले लोक येऊन मान वर करून बघायचे, आणि मी, खोटे कशाला बोलू, जरा जास्तच भिरभिरायचे.

आता गेल्या वर्षीच्या पोळ्याचे ऐका. वर्षाली परीक्षेसाठी चार दिवस अमरावतीला गेली होती. घरात आता बैल नव्हते. शेवटचा बैल चांद्या जाऊन पाच वर्षे झाली होती. तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पार्बताबाई हळद आणि तूप घेऊन वावरात आल्या. बैलाचे खांदे चोळतात तसा त्यांनी माझा खांब चोळला आणि बैलाला म्हणतात तेच मला म्हणाल्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी चक्की, आणि मान मला बैलाचा! मी सुखावले. पण पुढे त्या गोवर्धनना म्हणाल्या, "चांद्याले आपन पोळ्याले कवा जुपलं का? हे तं बाराई महिने फिरते. हिले बी आराम पायजे."

गोवर्धननी खुंटीवरचा चांद्याचा कासरा आणला. दोघांनी मिळून माझी पाती खांबाला घट्ट बांधली आणि वर झेंडूचा हार घातला.

मित्रांनो, मला इतक्या मायेने कुणी कधी छळले नव्हते! पोळ्याचा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे तोही सुटीचा. आभाळ भरलेले, सोलर झोपलेले, आणि वारा असा सुटला होता की माझी पाती नुसती थरथरत होती. बॅटरी खाली खाली जात होती आणि मला सांगता येत नव्हते. तारेची टक् टक् मंद झाली, मग थांबली. मी कासऱ्याला हिसडे दिले. पण ती बैलाची गाठ, मला काय सुटणार? तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना रोही आले. थांबले, तारेला नाक लावले आणि सरळ आत शिरले. सांभार, म्हणजे कोथिंबीर, गेला; बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, गेली. मी माझ्या डोळ्यांदेखत सगळे बघत उभी राहिले.

पाच-सहा दिवसांवर महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, होत्या. वर्षभरात भाजीला खरी मागणी तेव्हाच असते. गोवर्धननी वावर पाहिले आणि पाना घेऊन माझ्याकडे आले. "हिच्या भरोशावर राहिलो, हेच चुकलं," म्हणाले. "हिले काढतो भंगारात, आन वावर देतो ठोक्यानं."

त्यांनी पहिला नट ढिला केला. मला भंगारातले ते वर्ष डोळ्यांसमोर दिसले.

तेवढ्यात पार्बताबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचा हात धरला नव्हता, तो आज धरला.

"तिचं काई चुकलं नाई," त्या म्हणाल्या. "तिले म्या बांधलं. आन कासरा तुमी आनला."

गोवर्धननी त्या कासऱ्याकडे पाहिले. मग त्यांनी तो नट पुन्हा कसला आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडली. मी अशी सुटले की हाराची फुले वावरभर उडाली! दुपारपर्यंत तार वाजू लागली. मांडवावरचे दोडके आणि कारली वाचली होती, ती महालक्ष्म्यांच्या बाजाराला गेली. "एक साल पाहू," एवढेच गोवर्धन म्हणाले. अकोल्याचे नाव त्यांनी पुन्हा काढलेले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. ज्याच्यावर माया कराल, त्याला काय सोसते ते आधी बघा. बैलाला विसावा द्या. मला बेअरिंगात दोन थेंब तेल द्या आणि मोकळी सोडा.

यंदाच्या पोळ्याला पार्बताबाई हळद आणि तूप घेऊन पुन्हा आल्या. त्यांच्या हातात तोच कासरा बघून मला वाटले, पुन्हा बांधतात! पण त्या कासऱ्याने त्यांनी फक्त पुरणपोळीची पुरचुंडी माझ्या खांबाला बांधली, पात्यांपासून चांगली हातभर खाली.

"आवतन घे," त्या म्हणाल्या. "पन येऊ नोको कुठी. फिरत फिरतच जेव."