बदलीवालीचे नऊ दिवस

मला कुणी मूर्ख म्हटलं की पूर्वी मी अंगावर जायचो. आता जात नाही.

अठ्ठ्याहत्तर साली सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला. कायम कामगारांची हजेरी वहीतच राहिली. बदलीवाल्यांची, म्हणजे कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी घेतलेल्यांची, मशीनवर चढवायची ठरली आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीवाला कायम होतो.

पावसाळ्यानंतर मशीनला खोड लागली. चालता चालता पडदा काळा व्हायचा, मग आपोआप पुन्हा सुरू. मी वायरी हलवल्या, पंखा लावला, उंदीर शिरला असेल म्हणून झाकणही उघडलं. शेवटी पुण्याहून इंजिनिअर आले. म्हणाले, “कुंडलिकराव, बंद पडलं की वेळ टिपा.” एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पुढच्या तिन्ही वेळा साडेतीनच. दुपारच्या भोंग्याला पाळी बदलते, सगळे माग एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब क्षणभर खाली बसतो.

“तोवरची हजेरी डिस्कवर गेलेली असते ना?” इंजिनिअरांनी विचारलं.

भोंगा झाल्याशिवाय हजेरी बंद करायची नाही, ही इथंच हजेरी कारकून असलेल्या माझ्या वडलांच्या वेळेपासूनची रीत. सकाळी बदलीवाले त्या दिवसाचा पास माझ्या हातात देत, त्यावरून मी नावं टाइप करायचो, पण डिस्कवर पाठवायचा हुकूम भोंग्यानंतरच द्यायचो. पडद्यावर दिसलं म्हणजे नोंदलं, असं धरून चाललो होतो. “कारकुनाला चक्कर आली म्हणून वहीतली शाई पुसते का?” मी विचारलं.

“इथं पुसते,” ते म्हणाले.

डिस्क तपासली. नऊ दिवस कोरे. एका पासावर दोनदा हजेरी लागू नये म्हणून त्या दिवसांचे पासही बॉयलरमध्ये गेलेले. मीच टाकले होते.

कायम होणाऱ्यांची यादी दुसऱ्या दिवशी जायची होती आणि त्यानंतर भरती बंद. रिळं भरणाऱ्या बसव्वाचे दोनशे एकतीस दिवस निघाले. ती अक्कलकोटकडची, अक्षरशत्रू.

“दोनशे चाळीस झाल्यात की,” म्हणत तिनं सुताचा दोरा पुढं केला. आलेल्या दिवसाला एक गाठ. मी मोजल्या. बरोबर दोनशे चाळीस.

तिला घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो, सगळी चूक कबूल केली. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “गाठीला तारीख नसते. पास रोज तुम्हीच घेत होता. या नऊ दिवशी ही आली होती, एवढं लिहून द्या. मी सही करतो.”

बसव्वाचा चेहरा खुलला. “द्या की लिवून. तुमच्याच हातात दिलाय रोज.”

मी आठवू लागलो. पासाचा गुलाबी रंग आठवला, त्यावरचा शिक्का आठवला. बाई एकाही दिवशी आठवेना. तरी लिहून देता आलं असतं. पण उद्या कुणी चौकशी लावली तर नोकरी जाईल, या भीतीनं पेन उचललं नाही.

“नक्की सांगता येत नाही, साहेब,” मी म्हणालो.

साहेबानं तिच्या नावाशिवायच यादी पुढं सारली. बसव्वा अगदी हळू बोलली.

“मग वरीसभर मी तुमाला दिसलेच न्हाय व्हय?”