वहीवर जळणारा चमचा

हसू नका, मी स्टीलचा एक छोटा चमचा बोलतोय आणि मला एका वहीचा हेवा वाटतो.

उल्हासनगरच्या बाजारातून अस्मिताच्या आईने आम्हा सहा भावंडांना आणलं. बाकीचे पाच पाहुण्यांच्या नाश्त्याला निघतात. खरवईच्या या घरात मी मात्र अस्मिताच्या लेकीचा, ऋतिकाचा. ती सहा वर्षांची आहे, पण तिला नीट चावता-गिळता येत नाही. मिक्सरमधून काढलेला वरणभात मी तिच्या तोंडात नेतो. अर्धा बाहेर येतो, तो हनुवटीवरून गोळा करून परत नेतो. एका जेवणाला तासभर लागतो. तिचा प्रत्येक ठसका मला ठाऊक आहे.

शेजारी विचारायचे, "जेवली का पोर?" अस्मिता म्हणायची, "हो, सगळं खाते." पोरीच्या जेवणाचं रडगाणं बाहेर गायचं नाही, ही आमच्या घरची रीत. दिव्यांग मदतीच्या अर्जातही तिने तेच लिहिलं, 'जेवण व्यवस्थित.' अर्ज परत आला.

दिव्यांग मदत केंद्रातल्या विनिता मॅडमनी विचारलं, "ताई, भरवतं कोण? टाइम किती जातो?"

"मीच भरवते. तासभर तरी जातो. कधी ठसका लागून सगळं बाहेर येतं."

"मग हे का नाही लिहिलंत?"

"आपल्याच पोरीचं वाईट कसं लिहू, मॅडम?"

"यात वाईट काय? नाही लिहिलंत तर तिला थेरपी कशी मिळणार? आठ दिवस रोज लिहून काढा."

अशी ती वही घरात आली. राबायचं मी आणि मान तिला! जेवण संपलं की मला खरकटा टाकून अस्मिता तिच्यापाशी बसायची. 'सहा चमचे. तीनदा ठसका. पन्नास मिनिटं.' लिहिता लिहिता रडायची, तेही तिच्याच पानांवर. मी नळाखाली भिजत असूनही जळत होतो.

वही जोडून पुन्हा केलेला अर्ज मंजूर झाला. थेरपी सुरू झाली आणि तिथून जाड मुठीचा एक वाकडा चमचा आला. ऋतिकाने तो स्वतः धरला, आधी गालाला लावला, मग नाकाला, मग तोंडात घातला. अस्मिताने धावत जाऊन वहीत लिहिलं, 'आज पहिला घास स्वतःच्या हाताने.'

मी आता हळदीच्या डब्यात असतो. त्या वाकड्याचा मला भयंकर राग येतो, खोटं कशाला बोलू? चार घासांत ऋतिकाचा हात दमतो, तेव्हा अस्मिता मलाच धुऊन घेते. काल मात्र पाचवा घासही पोरीने त्यानेच खाल्ला. मी डब्यात वाट बघत राहिलो.

अस्मिता, एकच मागणं आहे. वहीत तू 'सहा चमचे' लिहिलंस ना, ते सहाही मीच होतो. एवढं एकदा लिही. मग मला पुन्हा बाहेर काढलं नाहीस तरी चालेल.