आईची दाढ आणि आईची गाडी

आईने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा बाबांना वाटलं, काहीतरी बेताचं घेईल. दातांची डॉक्टर ती, दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून उभी. घरापासून दवाखान्यापर्यंत जायला अशी कितीशी गाडी लागते? पण आईने आणली ती काळीभोर, रुंद खांद्यांची, सुरू झाली की शेजारच्यांच्या खिडक्यांची तावदानं थरथरावीत अशी. बाबा गणिताचे मास्तर. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हिला रोज खायला काय घालायचं?"

त्या दिवसापासून आईशिवाय त्या गाडीच्या स्टिअरिंगला कोणी हात लावला नव्हता. बाबा आपल्या जुन्या डबड्यातून शाळेत जायचे आणि सुखात होते. आता नेमकं ते डबडं गॅरेजमध्ये जाऊन बसलं होतं आणि खारूची ड्रायव्हिंगची परीक्षा तोंडावर आली होती.

खारू म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून आईनेच ठेवलेलं नाव. आता ती उंचीत आईच्या वर गेली होती आणि शिकाऊ परवाना पाकिटात घेऊन हिंडत होती. तिने क्लास लावला होता, पण तिथल्या सरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक होता आणि गाडी सगळी तेच चालवायचे. खारू नुसती स्टिअरिंग धरून शोभेला बसायची.

"तुझ्या गाडीवर शिकव ना," ती आईच्या मागे लागली.

"ती शिकायची गाडी नाही."

"मग कसली आहे?"

याचं उत्तर आईला देता आलं नाही, म्हणून रविवारी दोघी गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मैदानावर गेल्या.

दवाखान्यात आईसारखी शांत बाई नव्हती. ड्रिल हातात घेऊन ती इतक्या गोड आवाजात बोलायची की भेदरलेली माणसं खुर्चीत डुलक्या काढायची. खारूच्या शेजारी बसल्यावर मात्र हा सगळा शांतपणा खिडकीतून उडून गेला.

"हळूच दाब. पायाचा नुसता अंगठा टेकव. अंगठा म्हटलं ना मी!"

खारूने टेकवलेला अंगठा गाडीला पुरेसा झाला. ती अशी उसळली की समोरची भिंत आपण होऊन चालत आल्यासारखी वाटली. खारूने ब्रेकवर उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं. गाडी थांबली, तेव्हा बॉनेट आणि भिंत यांच्यामध्ये एखादं मांजर कसंबसं गेलं असतं.

त्यानंतरच्या सगळ्या धड्यांत आईच्या तोंडाचा पट्टा सुरूच राहिला. आरसा बघ. दोन्ही आरसे बघ. माझ्याकडे काय बघतेस? इतकी हळू का? इतकी जोरात का? रस्त्यावर गेल्यावर तर ती नसलेला ब्रेक पायाने दाबत बसायची. शेवटी एका वळणावर खारूने गाडी कडेला घेतली आणि दार उघडून उतरली.

"तू चालव. मला येतंय ते पण तू बोललीस की येईनासं होतं."

आईने गाडी घरी आणली. पुढचे काही दिवस गाडीचा विषयच निघाला नाही.

मग आईची अक्कलदाढ दुखायला लागली. खरं तर ती कितीतरी महिने दुखत होती, आणि जे केलं म्हणून ती पेशंटना रागवायची, तेच तिने केलं होतं: चालढकल. आता गाल सुजला तेव्हा ती तिच्या मैत्रिणीकडे निघाली. मैत्रीणही दातांचीच डॉक्टर, खारू तिला मावशी म्हणायची. सोबत म्हणून खारू गेली. गाडी अर्थातच आईने चालवली.

"मी काय पेशंट आहे?" ती म्हणाली.

दाढ वाकडी रुतून बसली होती. मावशीने घाम गाळून ती काढली, आईच्या तोंडात कापडाची घडी कोंबली आणि फर्मान सोडलं, "घट्ट दाबून धर. घरी जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आणि गाडी चालवायची नाही. दुखण्याची गोळी दिलीय, तिने गुंगी येते."

खारूने बाबांना फोन लावला. "मी टॅक्सी करून येतो," बाबा म्हणाले, "पण ती गाडी मी चालवणार नाही बरं का. इथे ठेवा, उद्या बघू."

गाडी ठेवून जायचं म्हटल्यावर आईने अशी मान हलवली, जणू मूल ठेवून जायला सांगितलं.

"मग मी चालवते," खारू म्हणाली.

"उंहूं!"

"तू शेजारी आहेस, शुद्धीत आहेस, तुझ्याकडे परवाना आहे. आणखी काय हवं?"

मावशी हसली. "आणि ती गप्प आहे. अशी संधी तुला पुन्हा मिळायची नाही."

गाडी दवाखान्याखालच्या तळघरात लावली होती, आणि तिथून वर यायचा चढ अरुंद आणि वळणाचा. खारू अर्ध्यावर आली आणि पुढची गाडी थांबली. वरच्या फाटकाचा दांडा अडकला होता, उचलेना. मागेही एक गाडी येऊन चिकटली. आता सुटताना अंगठा जरा जास्त पडला, तर पुढच्या गाडीची डिकी गेलीच. तिने सवयीने शेजारून येणाऱ्या सूचनेची वाट पाहिली. काहीच आलं नाही. आई दोन्ही हातांनी सीट धरून, गाल फुगवून समोर बघत होती.

मग खारू स्वतःच बोलायला लागली. "ब्रेकवर पाय आहे. पुढची हलली की आधी तिला जाऊ देते. आता सोडते. आता टेकवते. टेकवलाय फक्त." गाडी गुरगुरली आणि म्हशीच्या चालीने, अजिबात घाई न करता, उजेडात आली.

रस्त्यावर एका ट्रकने मागून भोंगा वाजवला. आईने डोळे मिटले. "मला दिसलाय तो," खारू म्हणाली, "जाऊ दे त्याला." ट्रक गेला. आईने एक डोळा उघडला, मग दुसरा. चौकामागून चौक मागे पडले, तसे आईचे हात सीटवरून सुटून मांडीवर आले. धड्यांच्या वेळी तिने खारूकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, डोळे सतत रस्त्याला चिकटलेले. आता तिला दिसलं की खारूचे खांदे सैल आहेत, ती ओठ चावत नाही, आणि वळणावर ती स्टिअरिंग हातातून जसं सोडते, तसं आपणही सोडतो. हे तिला कोणी शिकवलं? आपण तर नाही. आपण नुसतं ओरडलो.

घराची गल्ली आली. खारूने सिग्नल दिला.

"फुढे," आई म्हणाली. बधिर ओठांतून तेवढंच निघालं.

"आई, घर आलं."

"फुढे!"

खारूने तिच्याकडे पाहिलं आणि सिग्नल बंद केला. गाव संपलं, रस्ता रुंद झाला, गाड्या विरळ झाल्या. आईने तळहाताने हवेत खाली दाबल्यासारखं केलं. "दाफ."

खारूने दाबला. गाडीने एक खोल श्वास घेतला आणि दोघींना मागे सीटवर टेकवून ती सुटली. वेगाचा काटा रस्त्यावरच्या पाटीतल्या आकड्याला टेकला तिथे खारूने पाय आवरला, पण तोवर तिच्या तोंडून किंकाळी निघून गेली होती, आणि घडी दाताखाली धरून आईसुद्धा घशातल्या घशात हसत होती. ही शिकायची गाडी नाही तर कसली, हे तिला शब्दांत सांगायची गरज उरली नव्हती. दिवसभर वाकून काम केल्यावर घरी येईपर्यंतचा हा वेळ फक्त तिचा असायचा. तो वाटून घेतला तर कमी होईल, असं तिला वाटत आलं होतं.

पुढच्या वळणाला खारूने गाडी उलट फिरवली. मावशीने दिलेल्या गोळीचा अंमल चढला असावा. परतीच्या वाटेवर आई काहीच बोलली नाही, तिने खुणाही केल्या नाहीत. खारूने घराखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि मग तिच्या लक्षात आलं. आईचं डोकं काचेला टेकलं होतं. ती गाढ झोपली होती.

"आई, उतर. आलो आपण."

आई दचकून जागी झाली. तोंडातली घडी तिने काढून रुमालात गुंडाळली, एका बाजूचा खांब पाहिला, दुसऱ्या बाजूची भिंत पाहिली. मधली जागा तिला पाठ होती. तिथे गाडी घालताना ती स्वतःही दोनदा मागेपुढे करायची.

"आत कोणी लावली?"

"मी."

आईने दार उघडलं, खाली वाकून चाकं निरखली.

"जरा वाकडी आहे," ती जड जिभेने म्हणाली, आणि किल्ली खारूच्याच हातात राहू देऊन जिना चढू लागली.