ढिगाला नाव नसतं

बोट बटाट्यात दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, पण काकूंनी ते बाहेर काढायची घाई केली नाही. घाई केली की पाणी अंगावर उडतं. वरून बटाटा गुळगुळीत, पाहुण्यासारखा सभ्य. आत पांढरा लगदा. वास असा सुटला, की शेडमधल्या सगळ्या बायकांनी नाकाला फडकी बांधली.

"कुणी मेलंय का ढिगात?" शेजारची तोंडाळ म्हणाली. तिचं खरं नाव तीसुद्धा विसरली असावी.

"मेलं नाही. अध्यक्षांच्या गोदामातून आलंय."

अध्यक्ष म्हणजे काकूंचे सख्खे धाकटे दीर. ही सहकारी संस्था काढली मात्र काकूंच्या नवऱ्याने. तेव्हा दोन पोती घेऊन गेलेल्या बाईला व्यापारी दारात उभंही करत नसे. नवऱ्याने एकच नियम घातला : काट्यावर चढेपर्यंत माल ज्याचा त्याचा, उतरला की सगळ्यांचा एक ढीग. "ढिगाला नाव नसतं," तो म्हणायचा. मळेवाल्याला आणि परसात पिकवणारीला भाव सारखाच. त्या ढिगावर कितीतरी घरांना पक्की छपरं आली, पोरी शाळेत टिकल्या. तो गेल्यावर काकूंची चूलही त्याच ढिगावर पेटत राहिली.

बिननावाच्या ढिगात सडकंही बिनबोभाट मिसळता येतं, हे तेवढं त्याला सुचलं नाही. चांगल्या माणसांना असलं सुचत नाही. त्यांच्यातली मोठीच खोट ती.

मागचा ट्रक खरेदीदाराने सडक्यापायी परत पाठवला होता. आणखी एक परत आला, की करार संपला आणि सगळे पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

काकू सडके वेचून बाजूला टाकू लागल्या. अध्यक्ष ऑफिसातून बाहेर आले. आधी अत्तर आलं, मग ते.

"वहिनी, वेचत काय बसलात? आत्ता ट्रक भरायचाय. ढकला तळाला."

"भावजी, तळाला ढकललं तरी वास वरच येतो. तुमचं सडकं परत तोला आणि तुमच्या वजनातून वजा करा."

"माझंच कशावरून?" अध्यक्ष हसले. "ढिगाला नाव नसतं. दादाचंच वाक्य ना?"

काकूंनी हातातला सडका नेऊन ऑफिसच्या खिडकीखाली टाकला.

परत येऊन त्या वेचत राहिल्या. मग बाकीच्याही वेचू लागल्या. ऑफिसच्या खिडकीखाली सडक्याचा ढीग वाढत गेला आणि शेडमधला खचला. ट्रक अर्धा जाणार हे दिसल्यावर काकू उठल्या, घरी गेल्या आणि पुढच्या लागवडीसाठी ठेवलेलं बेणं हातगाडीवर घालून घेऊन आल्या.

"काकू, मग लावणार काय? दगड?" तोंडाळने विचारलं.

"दगड निदान सडत तरी नाहीत."

तोंडाळ अध्यक्षांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी गेली आणि स्वयंपाकघरातली बटाट्यांची पाटी उचलून घेऊन आली. तिच्यामागून आणखी काहीजणी. सडक्याचं वजन आधीच अध्यक्षांच्या नावावर चढलेलं. त्याच्या जागी आलेल्या या मालाला आता ना काटा होता, ना पैसा.

ट्रक भरला. ड्रायव्हरने वरून हात फिरवला. "माल झकास आहे हां."

अध्यक्षांनी मान डोलावली, जणू एकेक बटाटा त्यांनीच पोटाशी धरून वाढवला होता.

ट्रक गेला. थोड्या वेळाने खिडकीतून आवाज आला, "वहिनी, हे खालचं उचलून टाका कुठंतरी."

"कुणाचंय ते?"

खिडकीत अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला.

"नाव नाही ना त्याला. मग मी कसं उचलू?"

खिडकी बंद झाली. भर उन्हाची.

काकूंनी नळावर हात धुतले. साबण लावला, मग माती लावली. वास घेतला, पुन्हा धुतले. सावलीत बसून डबा उघडला आणि तसाच झाकला.

"आता उपाशी मरायचंय का?" तोंडाळ म्हणाली. तिने आपल्या डब्यातला घास करून काकूंच्या तोंडासमोर धरला.

तिच्या बोटांनाही तोच वास होता. काकूंनी तोंड उघडलं.