त्रिकोणी घड्या

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत लेक विद्यापीठातून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी कंबर कसून स्वयंपाकघराच्या मागे लागली. अण्णा पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर होते. पाणी प्यायला आत आले, तर ओट्याखालचा खण रिकामा, पुसून लख्ख.

"यातल्या पिशव्या गं?"

"प्लास्टिकच्या? सकाळीच कचरा केंद्रात देऊन आले. केवढा तो साठा, अण्णा! आमच्या अख्ख्या वर्गानं शपथ घेतलीय, आता फक्त कापडी. आणि शिंप्याच्या घरात प्लास्टिक? लोक तोंडात शेण घालतील!"

अण्णा हसायला गेले, पण हसू ओठांवर येईना.

बायको प्रत्येक पिशवी धुऊन, वाळवून तिची एवढीशी त्रिकोणी घडी घालायची. टोक आत असं खोचायची की झटकल्याशिवाय घडी सुटायची नाही. तिच्या साड्या बहिणी घेऊन गेल्या होत्या. तिच्या हातचं, तिनं ठेवलं तसंच राहिलेलं, घरात एवढंच होतं. अण्णांनी त्यातली एकही पिशवी उलगडली नव्हती. बाजारात हात हलवत जायचे आणि दुकानदाराकडे नवी मागायचे.

सांगावं का? पोर भलं करायला गेली. बोललं तर जन्मभर सलत राहील तिला. पण चेहऱ्याला कुठलं झाकण घालणार?

"अण्णा, काय झालं?"

"काही नाही गं. तुझ्या आईनं घातलेल्या घड्या होत्या त्या."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. ती अनवाणीच धावत सुटली. मागून धापा टाकत अण्णा. केंद्रावरच्या बाईनं तारेनं आवळलेल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. "सकाळचं सगळं दाबून झालं, ताई."

परतताना लेकीनं रस्त्यात पडलेली एक पिशवी उचलली. घरी आल्यावर धुऊन ओट्यावर पसरली.

"तुम्ही घाला, अण्णा. कापडाच्या घड्या घालण्यात तुमचा जन्म गेलाय."

अण्णांनी नखानं कड दाबली, दुमडली, पुन्हा दुमडली. टोक कुठून खोचायचं, तेच उमगेना.

"तुला शिकवली नव्हती तिनं?"

"शिकवत होती." लेकीचा आवाज चिरकला. "मीच म्हटलं, मला नको शिकवूस. प्लास्टिक घरात येऊच द्यायचं नाही, तर घडी कशाला शिकू?"

पिशवी सळसळत आपसूक उलगडली. अण्णांनी तिच्यावर तळवा फिरवून ती पुन्हा सपाट केली.

"थांब," ते म्हणाले, "परत बघू."